रेगेबाई आणि बिनभाजलेले बोल्ट

रेगेबाईंनी आयुष्यात कुणाला माफ केलेलं मी पाहिलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार गोड शब्द बोलायची पद्धत आहे, आणि मीही बोलेन, नाही असं नाही. पण ही गोष्ट आधी सांगून टाकलेली बरी. नाहीतर बाई वरून म्हणायच्या, "मंगल, पहिल्याच ओळीत चुकलीस, कागद बदल."

माफ करणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "आळशी असतात गं ती," असं म्हणायच्या. "राग धरायला कष्ट पडतात. रोज उठून त्याची निगा राखावी लागते. तेवढं जमत नाही, मग म्हणतात, जाऊ दे." हे सांगताना आवाज अजिबात चढलेला नसायचा. चहात साखर किती हवी हे विचारावं तशा त्या बोलत.

ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांची ही हकीगत आहे. आम्ही अलास्कात, फेअरबँक्सला होतो. रस्त्याखालची गोठलेली जमीन का खचते, यावर संशोधन करायला युनिव्हर्सिटीने आमच्या ह्यांना बोलावलं होतं. मी साताऱ्याची, बी.कॉम. आणि टायपिंगची परीक्षा पास. घरात बसून खिडकीतलं बर्फ किती दिवस बघणार? तळघरातल्या धातुपरीक्षा लॅबला टायपिस्ट पाहिजे असं कळलं आणि मी गेले. तिथे इलेक्ट्रिक टाइपरायटरच्या मागे, निळ्या नायलॉनच्या साडीवर पुरुषी स्वेटर आणि पायात गुडघ्यापर्यंतचे फरचे बूट अशी एक जेमतेम पाच फुटांची बाई उभी होती. तिने मला इंग्रजीत नाव विचारलं, मी सांगितल्यावर मराठीत म्हणाली, "कार्बन किती लावतेस? दोन? इथे तीन लागतात. मूळ कागद गिऱ्हाइकाला. कार्बनच्या, एक फाइलला, एक युनिव्हर्सिटीला, एक मला. माझी प्रत मी घरी नेते. ऑफिसातल्या फाइलवर माझा विश्वास नाही."

ह्या डॉक्टर तारा रेगे. मुंबईत फिजिक्स शिकून, नवऱ्याला सोडून, एकटीने अमेरिकेत येऊन धातुशास्त्रात पीएच.डी. केलेल्या. नवऱ्याला का सोडलं हे मी सहा महिन्यांनी भीत भीत विचारलं. "त्याने एकदा माझा प्रबंध रद्दीत घातला," एवढंच म्हणाल्या. आणि तुम्ही काय केलंत, असं विचारायची माझी काही छाती झाली नाही.

बाईंची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. हातात दिलेली वस्तू त्या कधी घ्यायच्या नाहीत. दुकानात बटाटे घेताना वरचे बाजूला सारून तळाचे काढायच्या. माझ्या घरी ताटात लाडू पुढे केला तर तो नाकारून खालचा दुसराच उचलायच्या. "समोर करतात ते दाखवायचं असतं. मला बघायचं असतं ते खाली असतं." लॅबमध्ये तर हा कायदाच होता. कुणी तपासायला माल आणला की बाई स्वतः त्या दुकानात जायच्या, खोक्यात हात घालायच्या आणि मनाला येतील ते तीन नग उचलायच्या. आमच्या सर्टिफिकेटच्या तळाशी ओळ छापलेली होती, की नमुने मी स्वतः निवडले आहेत. त्याखाली त्यांची सही. ती सही असली की विमानं दुरुस्त करणारी अख्खी अलास्का डोळे मिटून बोल्ट बसवायची.

आता त्यांच्या रागाचे दोन मासले सांगते.

तिकडे हिवाळ्यात उणे चाळीस होतं. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून पार्किंगमध्ये प्रत्येक जागेशी विजेचा खांब असतो, त्यात गाडीची वायर खोचून ठेवायची. वरच्या मजल्यावरच्या एका प्रोफेसरने एकदा बाईंच्या गाडीची वायर काढून तिथे स्वतःची खोचली. बाईंची गाडी मेली. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी त्याच्या आधी दहा मिनिटं यायला लागल्या आणि त्याच्या लाडक्या, दाराजवळच्या जागेत गाडी लावायला लागल्या. तो लवकर यायला लागला, ह्या आणखी लवकर. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मार्चमध्ये तो बिचारा खाली उतरला आणि म्हणाला, "डॉक्टर रेगे, आय ॲम सॉरी." बाई म्हणाल्या, "हे ऑक्टोबरात यायला हवं होतं." एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, खांबांची गरजही उरली नाही, तरी जागा काही सोडली नाही.

दुसरा मासला संक्रांतीचा. गावात मराठी घरं पाच. त्यातल्या गोखलेकाकूंनी हळदीकुंकू ठेवलं आणि बाईंना फोन करून सांगितलं, "तुम्हाला बोलवायचं हो फार मनात होतं, पण तुमचं ते तसं... बाकीच्या बायकांना ऑड वाटेल." बाईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. पुढच्या शनिवारी लॅबमध्ये हळदीकुंकू! बोल्ट तोडायच्या मशीनला मी स्वतः रांगोळी काढली. आमंत्रणं कुणाला, तर दोन घटस्फोट झालेल्या लायब्ररीतल्या बाईला, लग्न न केलेल्या दवाखान्यातल्या नर्सला, आणि टपालाचं विमान चालवणाऱ्या रूथ नावाच्या विधवेला. वाण म्हणून एकेक टॉर्च. गोखलेकाकूंनाही चिठ्ठी पाठवली होती, "ऑड वाटणार नसेल तर यावे." त्या आल्या नाहीत. मग त्या समारंभाचा फोटो मराठी मंडळाच्या पत्रकात पहिल्या पानावर छापला गेला, कारण ते पत्रक मी टाइप करत असे. गोखलेकाकू माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मला काय फरक पडतो!

रूथची आणि बाईंची मैत्री त्या दिवशी पक्की झाली. रूथ पन्नाशीची, उंच, पुरुषासारख्या रुंद हाताची. कपाळावर कुंकू लावून घेतल्यावर तिने तिळगूळ हातात धरून विचारलं, ह्याचं करायचं काय? बाई म्हणाल्या, "हे खाऊन गोड बोलायचं असतं. तू नुसतं खा." रूथ इतकी हसली की मशीनला टेकून बसली. तीस वर्षं ती एकटी विमान उडवत होती. नदीकाठच्या वस्त्यांना टपाल, औषधं, कधी एखादी बाळंतीण. हिवाळ्यात तिथे धावपट्टी कसली? चाकांच्या जागी लांब स्की, म्हणजे घसरायच्या पट्ट्या, लावायच्या आणि गोठलेल्या नदीवर उतरायचं. तीस वर्षांत विमानाला ओरखडा नाही, हे ती स्वतः सांगायची नाही, पण दुसरं कुणी सांगितलं की ऐकत उभी राहायची.

त्या स्की आणि त्या जोडायचं सामान गावात डेल बनवायचा. विमानतळाच्या कडेला त्याचं वर्कशॉप होतं. आता ह्या डेलबद्दल लिहायला माझा हात आजही नीट चालत नाही. मेला दिसायला देवमाणूस. आत येताना टोपी काढायचा, पायांवरचं बर्फ झटकायचा, हळू बोलायचा. अख्खा गाव बाईंना "डॉक्टर रेगी" म्हणायचा. हा एकटा "डॉक्टर रेगे" म्हणायचा, अगदी स्पष्ट. पहिल्या दिवशी विचारून घेतलं होतं म्हणे, आणि मग कधी चुकला नाही. सगळं जग हातात देईल ते झिडकारणाऱ्या बाई एवढ्यावर विरघळल्या, हे मला अजून खुपतं. पण वीस वर्षं कुणी आपलं नाव धड घेतलं नाही तर माणसाचं काय होतं, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

स्की विमानाच्या पायाला ज्या बोल्टने धरलेली असते, तो बोल्ट फार कडक पोलादाचा लागतो. गंजू नये म्हणून त्याला चकचकीत मुलामा देतात. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. म्हणून मुलामा झाला की लगेच बोल्ट भट्टीत टाकायचे आणि जवळजवळ एक अख्खा दिवस मंद आचेवर भाजायचे, की तो निघून जातो. भाजले नाहीत तरी बोल्ट दिसतो नवाकोरा, बसतोही घट्ट. पण आवळून बसवला की आतल्या आत चिरत जातो, दिवसेंदिवस, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून तर प्रत्येक घाण्यातले तीन बोल्ट आमच्या मशीनवर आठ दिवस ताणून ठेवायचे. नीट भाजलेला तुटत नाही, न भाजलेला तुटतो. इतकी साधी गोष्ट आहे.

डेलच्या वर्कशॉपात एक रीत होती. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या त्यांच्या सणाला, गावातले सगळे पायलट आणि मेकॅनिक तिथे जेवायला जमायचे, आणि सणाचे टर्की पक्षी भाजायचे त्याच बोल्टच्या भट्टीत. आठ-आठ टर्की एका वेळी मावायचे. सगळ्यांना त्याचं भारी कौतुक होतं. त्या वर्षी डेलने बाईंना खास बोलावलं. बाई शाकाहारी, म्हणून चांदीच्या कागदात गुंडाळून त्यांच्यासाठी बटाटे वेगळे भाजले. दंडाला धरून त्यांना भट्टीपाशी नेलं, दार उघडून दाखवलं आणि म्हणाला, "हे तुमचे, डॉक्टर रेगे." मी होते ना तिथे. बाई त्या भट्टीसमोर उभ्या राहून मीठ-मिरपूड लावून बटाटे खात होत्या, आणि मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी डेल लॅबमध्ये आला. लिफाफ्यात तीन बोल्ट आणि घाण्याची चिठ्ठी. "रस्त्यावर सगळी निसरड आहे. तुम्ही कशाला एवढ्या लांब येता? मीच घेऊन आलो."

बाईंनी हात पुढे केला आणि ते घेतले.

मी टाइपरायटरवर होते. मी पाहिलं. एक अक्षर बोलले नाही. उलट मनात म्हटलं, चला, बाईही माणूस आहेत. आठ दिवस बोल्ट ताणले, तुटले नाहीत. मी सर्टिफिकेट टाइप केलं, तीन कार्बन लावून. खाली ती छापील ओळ होतीच. बाईंनी सही केली.

जानेवारीत रूथ औषधं घेऊन नदीकाठच्या एका वस्तीवर उतरत होती. स्की बर्फाला टेकली आणि डावी स्की निखळून बाजूला गेली. विमानाचा उघडा पाय बर्फात रुतला, विमान जागच्या जागी उलटं झालं. रूथचं कंबरेचं हाड मोडलं, ती पट्ट्यात लटकत राहिली. वस्तीवरचे लोक तिथे पोचेपर्यंत काही तास गेले. जीव वाचला. पण पावलं थंडीने गोठून गेली होती, दोन्ही कापावी लागली.

आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा डेलने आणलेली फुलं उशाशी होती. तो सगळीकडे सांगत फिरत होता, बिचारी रूथ, वय झालं, जोरात आपटलं असणार. सरकारी चौकशीत पहिल्या कागदावर तेच लिहिलं गेलं, पायलटने विमान आपटलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रूथला स्वतःलाच ते पटायला लागलं होतं. छताकडे बघत ती म्हणाली, "कदाचित आपटलं असेन, तारा. मला आठवत नाही." मग बाईंचं मनगट धरून म्हणाली, "पायांचं सोड. ते गेले. मी चुकले का, तेवढं मला कळू दे."

बाई त्या दिवसापासून जेवायला बसेनात. अकराच्या ठोक्याला उभ्यानेच पोळीची गुंडाळी खायच्या आणि पुन्हा कामाला. डेलने "मदत" म्हणून विमानाचे अवशेष स्वतःच्या खर्चाने वाहून आणले होते आणि तुटलेला बोल्ट काही सापडला नव्हता. कसा सापडेल! पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. निखळलेली स्की त्याने आणलीच नव्हती. बर्फात गाडली गेली असं समजून तो परतला होता. बाईंनी त्या वस्तीवरच्या शाळेत फोन लावला आणि विचारलं, स्की कुठे आहे? उत्तर आलं, ती ना, तिच्यावरून आम्ही लाकडं ओढून आणतो.

बाई दुसऱ्याच दिवशी टपालाच्या विमानाने गेल्या. तेही स्कीवरच उतरणारं. मी म्हटलं, "बाई, भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटते की. म्हणून आधी त्याचे बोल्ट बघून आले." लाकडं ओढायला बर्फावरची नवी घसरगाडी त्यांनी सोबत नेली, ती त्या लोकांना दिली आणि स्की घेऊन आल्या. स्कीच्या भोकात अर्धा बोल्ट अजून घट्ट बसलेला होता.

बोल्ट कापून मायक्रोस्कोपखाली ठेवला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "ये. बघ. तुला कळेल." जोराने आपटून तुटलेलं पोलाद ओढून फाटल्यासारखं दिसतं, ते त्यांनी आधी एका दुसऱ्या तुकड्यावर दाखवलं. मग हा. कडेकडेने सगळे दाणे सुटे सुटे, टोकदार, चमकणारे. हुबेहूब खडीसाखर. मध्ये थोडासाच भाग फाटलेला. "म्हणजे उतरण्याआधीच तो चारातले तीन हिस्से चिरलेला होता," बाई म्हणाल्या. "रूथने पिसासारखं उतरवलं असतं तरी तुटला असता. हा भाजलेलाच नाही."

मला आनंद झाला. मी टाळीच वाजवली असेन. बाईंनी मात्र पिशवीतून घरून आणलेली स्वतःची प्रत काढली, तिला टाचलेल्या डेलच्या चिठ्ठीवरची मुलाम्याची तारीख वाचली आणि खुर्चीत बसल्या. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळची.

"मंगल," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी भट्टीत काय होतं?"

माझ्या डोळ्यांपुढे ते कागदात गुंडाळलेले बटाटे आले.

"मी तिथे उभी होते. दार उघडून दाखवलं मला त्याने. बोल्ट तिथे असायला हवे होते आणि मी बटाटे खाल्ले." त्यांनी ती प्रत टेबलावर उलटी करून ठेवली. "आणि सोमवारी त्याने हातात दिले ते आधीच्या घाण्यातले, भाजलेले होते. मी घेतले. मी!"

बाईंना रडताना मी त्या दिवशी पाहिलं नाही. पाहिला तो राग. डेलवर तर होताच, पण त्याच्या दुप्पट स्वतःवर. बाईंना स्वतःलाही माफ करता यायचं नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

चौकशीच्या आठवडाभर आधी डेल लॅबमध्ये आला. टोपी हातात. माझ्याकडे बघून घुटमळला. बाई म्हणाल्या, "ती इथेच बसणार. बोल."

तो हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर रेगे, ती आपटली असं सगळ्यांना वाटतंय. तसंच राहू द्या. तिला विम्याचं मिळेल, मी वर आणखी घालीन. पण तुम्ही भट्टीचं बोललात, तर सॅम्पल कुणी निवडले ते मलाही बोलावं लागेल. मी गेलो तर तुम्हीही जाणार."

"हो," बाई म्हणाल्या. "पण आधी तू."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी पोटभर बघितला. तो दार लावून गेल्यावर बाईंनी मला सर्टिफिकेटची फाइलमधली प्रत काढून स्वतःच्या प्रतीशेजारी ठेवायला लावली. मी म्हटलं, "बाई, विचार करा हो. वीस वर्षांची सही तुमची. बोल्टचा फोटो एकटा पुरेल की." त्या म्हणाल्या, "नाही पुरत. फोटो सांगतो भाजला नाही. का भाजला नाही आणि पास कसा झाला, हे मीच सांगू शकते. फोटोवर त्याचा वकील म्हणेल, एखादा बोल्ट असतो असा. मला एखादा नकोय गं. मला तो संपूर्ण पाहिजे."

चौकशी मे महिन्यात झाली. साधी खोली, लांब टेबल, मागे रूथ चाकाच्या खुर्चीत. बाई त्या दिवशी इरकली साडी नेसून आल्या होत्या. बोल्टचं सांगितलं, भट्टीचं सांगितलं. "मी तिथे होते. त्या भट्टीत आठ टर्की होते आणि माझे चार बटाटे." कुणीतरी हसलं. बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो कागद चाळायला लागला.

मग डेलच्या वकिलाने सर्टिफिकेट पुढे केलं. "डॉक्टर, इथे लिहिलंय की नमुने तुम्ही स्वतः निवडले. खाली सही तुमची आहे?"

"माझी आहे."

"मग हे खरं आहे?"

"खोटं आहे. डेलने तीन बोल्ट माझ्या हातात दिले आणि मी ते घेतले. टाइप करणारी बाई साक्षीला बसली आहे, तिला विचारा. वीस वर्षांत एकदाच झालं, पण झालं. ह्या घाण्यातला एकही बोल्ट मी तपासलेला नाही आणि सही केली. त्याने मला फसवलं, आणि मी स्वतःला फसवून घेतलं. दोन्ही लिहून घ्या."

माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, पाहिलं तसं. डेलकडे बघून सांगितलं. त्याचे दोन मेकॅनिक तोवर मान खाली घालून बसले होते. बाईंनी स्वतःची मान पुढे केलेली बघितल्यावर त्यांनाही गप्प बसवेना. त्या दिवशी बोल्ट न भाजताच बादलीत पडून होते आणि मालकाला ते ठाऊक होतं, असं दोघांनी सांगून टाकलं. निकालात लिहिलं, पायलटची चूक नाही. डेलचा परवाना गेला, वर्कशॉपला कुलूप लागलं. बाईंना युनिव्हर्सिटीने काढायच्या आधीच त्यांनी राजीनामा टाइप करायला दिला. दोन ओळींचा. तीन कार्बन.

मी घरी येऊन पेढे केले, खरं सांगते. दुधाच्या पावडरचे. डेलच्या वर्कशॉपवरून मुद्दाम दोनदा गाडी नेली. माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "मॉम, दॅट्स मीन." मी म्हटलं, हो, आहेच.

बाईंना पुढे ॲरिझोनात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. सही करायचं नव्हे, नुसतं तपासायचं. डेल दक्षिणेकडे कुठेसा भावाकडे राहायला गेला होता. त्याचा पत्ता बाईंनी शोधून काढला. दर थँक्सगिव्हिंगला त्या त्याला एक कार्ड पाठवत. आत मजकूर काही नाही, फक्त त्या खडीसाखरेचा फोटो चिकटवलेला. फोनवर मी एकदा विचारलं, "बाई, अजून?" म्हणाल्या, "पत्ता बदलला होता त्याने. सापडला." शेवटच्या आजारपणातसुद्धा ते वर्ष त्यांनी चुकवलं नाही, असं त्यांच्या शेजारणीने मला कळवलं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांनी अलास्का सोडली त्या दिवशी. जुलै होता, विमान दुपारचं. गाडीत सामान भरल्यावर म्हणाल्या, "आधी रूथकडे घे." चौकशीनंतर रूथ त्यांना भेटली नव्हती. फोनही नाही. माझ्या मनात आलं, बरं वाटत नसेल, नव्या पायांची सवय करत असेल.

रूथ दारात आली. लाकडी चौकट धरून उभी राहिली. बाई पायऱ्या चढल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

रूथने घेतला नाही.

"डेल मला कधीच आवडत नव्हता," ती म्हणाली. "त्याचं जे झालं ते बघून माझं समाधान झालं. पण ते बोल्ट मी डेलवर विश्वास ठेवून बसवले नाहीत, तारा. कागदावर तुझं नाव होतं म्हणून बसवले."

"माहीत आहे."

"तू बोललीस म्हणून मी सुटले. तेही मला माहीत आहे. पण मी तुला माफ करणार नाही."

"करू नकोस," बाई म्हणाल्या. हात खाली घेतला, मान हलवली आणि पायऱ्या उतरून गाडीत येऊन बसल्या.

माझं डोकं फिरलं होतं. गाडी वळवता वळवता मी सुरू केलं, "काय बाई आहे ही! तिच्यासाठी तुम्ही नोकरी घालवलीत, नाव घालवलंत, आणि हिला साधा हात..."

"गप बस!" बाई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "तिच्याविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. आता येतील बघ सगळे. चर्चमधले येतील, शेजारी येतील, म्हणतील, बिचारी तारा किती चांगली, झालं गेलं सोडून दे. दमवतील तिला. तू आहेस ना अजून इथे? त्यांना दारातून परत पाठव. तिला कुणी मला माफ करायला लावायचं नाही, मंगल. कळलं?"

मी हो म्हटलं. त्यानंतर आम्ही तिथे चार वर्षं होतो, आणि ती चारही वर्षं मी एकेकाला परत पाठवलं.